एडफूचं देऊळ, १:१०० : प्रकल्प नोंदी

३ जून

काम पक्कं झालं. शाळेच्या इतिहास दालनासाठी प्राचीन इजिप्तच्या देवळाचं मॉडेल. बाईंनी पाठवलेल्या संदर्भात कर्नाक, लुक्सर, अबू सिंबेल अशी सगळी खिचडी होती. मी एडफू सुचवलं आणि त्यांनी ते मान्य केलं. कारण साधं आहे. बाकीच्या बहुतेक देवळांचं छत गेलंय, भिंती पडल्यात, आणि मॉडेल करताना अर्धं अंदाजाने भरावं लागतं. एडफूचं होरस देवाचं देऊळ दारापासून गाभाऱ्यापर्यंत छतासकट उभं आहे. लांबी सुमारे १३७ मीटर, दर्शनी गोपुरासारखे दोन बुरूज सुमारे ३६ मीटर उंच. १:१०० ला म्हणजे १३७ सेंटिमीटर आणि ३६ सेंटिमीटर. शाळेच्या टेबलावर बसतं, दारातून आत जातं. हे दुसरं आधी मोजलेलं बरं.

बाईंचा पहिला प्रश्न: "पाच हजार वर्षांपूर्वीचं ना हे?" नाही. पाया घातला २३ ऑगस्ट, इ.स.पू. २३७ रोजी, तिसऱ्या टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजाच्या कारकिर्दीत. तेव्हा मगधात सम्राट अशोक राज्य करत होता. गिझाचा मोठा पिरॅमिड त्या वेळीच दोन हजार वर्षांहून जुना झालेला. इजिप्तचं सगळं एकाच काळात टाकायची आपली सवय आहे. फलकावर हे पहिल्या ओळीत यायला हवं.

६ जून

नकाशा काढायला घेतला. या देवळाची मौज अशी की त्याने स्वतःची मापं आणि तारखा स्वतःच्याच भिंतीवर कोरून ठेवल्यात. कोणता राजा, कितव्या वर्षी, कोणत्या महिन्यात काय पूर्ण झालं, कोणत्या दालनाचं नाव काय, लांबी-रुंदी किती हात. त्यांचा शाही हात सुमारे साडेबावन्न सेंटिमीटरचा. बांधकामाचा असा हिशेब मागे ठेवणारा मालक मला आजवर भेटला नाही.

तारखांची पट्टी अशी बसते. मुख्य देऊळ, म्हणजे गाभारा आणि भोवतालची दालनं, इ.स.पू. २१२ मध्ये बांधून झालं. भिंतींवरचं कोरीव काम २०७ पर्यंत. मग दक्षिण इजिप्तमध्ये टॉलेमींविरुद्ध बंड पेटलं, थीब्ज शहरात स्थानिक फारो उभे राहिले, आणि काम जवळपास वीस वर्षं थांबलं. बंडखोर देवळातच लपून बसले होते, हेसुद्धा भिंतीवर लिहिलंय. १४२ मध्ये आठव्या टॉलेमीच्या काळात देऊळ देवाला अर्पण झालं. त्यानंतर पुढचा मोठा खांबांचा मंडप, मग अंगण, मग बुरूज. शेवटी इ.स.पू. ५७ च्या डिसेंबरात बाराव्या टॉलेमीच्या नावाने मुख्य दाराला देवदाराच्या, ब्राँझ मढवलेल्या फळ्या बसवल्या. पायापासून दारापर्यंत १८० वर्षं. आपला विक्रम संवत ज्या सालापासून मोजतात तेच हे ५७. योगायोगच, पण मुलांच्या लक्षात राहील.

म्हणजे देऊळ आतून बाहेर बांधलं गेलं आणि आपण ते बाहेरून आत पाहतो. मॉडेलही त्याच क्रमाने करायचं ठरवलं: आधी गाभारा, शेवटी बुरूज.

११ जून

आज उभा छेद काढला आणि कामाचं स्वरूपच बदललं. नुसत्या नकाशावर हे देऊळ म्हणजे एकामागे एक चौकटी. छेदात खरी गोष्ट कळते. दारातून आत जाऊ तसतशी जमीन थोडी थोडी चढते, छत टप्प्याटप्प्याने खाली येतं, दारं अरुंद होतात, उजेड मरत जातो. अंगणात लख्ख ऊन. पुढच्या मंडपात समोरच्या खांबांमधल्या अर्ध्या उंचीच्या भिंतींवरून येईल तेवढा उजेड. दुसऱ्या मंडपात छतातल्या छोट्या झरोक्यांतून तिरपे पट्टे. पुढे नैवेद्याचं दालन, मग आणखी एक लहान दालन, आणि गाभारा जवळपास काळोखात.

आपल्याकडेही गाभारा काळोखाच असतो, पण त्यावर शिखर असतं, लांबून कळतं देव कुठे आहे ते. इथे देव ज्या जागी त्या जागेवर सगळ्यात बुटकं छत. उंची सगळी दाराशी. दक्षिणेतल्या मोठ्या गोपुरांच्या देवळांत थोडं असं दिसतं.

म्हणून निर्णय: मॉडेल अखंड करायचं नाही. मधल्या अक्षावर उभं कापायचं. पश्चिमेचा अर्धा भाग पूर्ण, छतासकट, पायथ्याला पक्का. पूर्वेचा अर्धा रुळांवर बाजूला सरकणारा. मुलांनी सरकवला की छेद उघडा. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दादा, मोडणार नाही ना?" ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनेल लावू, मुलं लोंबकळली तरी टिकतील.

१४ जून

साहित्य. भिंतींना ५ मिमी सनबोर्ड, बुरुजांच्या आत एमडीएफचा सांगाडा, खांब रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट. पाऊस सुरू झालाय, त्यामुळे एमडीएफला आधीच सीलर मारून ठेवला. फेविकॉल वाळायला दुप्पट वेळ घेतोय. बाकी आज काही नाही.

१९ जून

गाभाऱ्यातलं देव्हारं. हा सगळ्या मॉडेलमधला माझा आवडता तुकडा. खऱ्या देवळात ते एका अखंड करड्या ग्रॅनाइटच्या दगडात कोरलेलं, सुमारे चार मीटर उंच, वर पिरॅमिडसारखं निमुळतं टोक, आत होरसची मूर्ती ठेवायची पोकळी. घासून घासून आरशासारखं केलेलं. देवळापेक्षा हेच जुनं: दुसऱ्या नेक्टानेबोने करवलेलं, म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकातलं, इजिप्तच्या शेवटच्या देशी राजाचं. आधीच्या देवळातून उचलून नव्या देवळात बसवलं. ग्रीक वंशाच्या राजांनी नवी इमारत बांधली, पण देवाला बसायला जुनीच जागा दिली.

चार मीटर म्हणजे चार सेंटिमीटर. रेझिनमध्ये सहज झालं असतं, पण मन होईना. गल्लीच्या टोकाला किचन ओटे करणाऱ्याकडून कडाप्प्याचा तुकडा आणला. ब्लेडच्या ग्राइंडरने ठोकळा काढला, पोकळीसाठी डायमंड बर, मग पाण्याच्या कागदावर १२० नंबरपासून २००० पर्यंत घासत गेलो. ओल्या कागदाखाली काळं गाळासारखं पाणी, आणि पुसलं की दगडात समोरच्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ. टोकाच्या चार उतारांची धार जुळवायला संध्याकाळ गेली. तळहातावर ठेवलं तर वजन कळतं. सनबोर्डच्या देवळात हे एकच जड आहे आणि ते तसंच हवं.

त्याच्यासमोर देवाची होडी ठेवायचा चौथरा. आज तिथे होडीची आधुनिक प्रतिकृती आहे, पर्यटकांच्या फोटोत तीच दिसते. मी फक्त चौथरा करणार.

२४ जून

खांबांची प्रिंट आली. अंगणात तीन बाजूंना ३२, पुढच्या मंडपात १८, दुसऱ्या मंडपात १२. एकूण ६२. सगळे एकाच साच्यातून काढून मोकळं व्हावं असं वाटणं साहजिक, पण इथे शेजारशेजारचे शिरोभाग वेगवेगळे आहेत: कुठे खजुराच्या झावळ्या, कुठे पपायरसची फुलं, कुठे अनेक फुलांचा गुच्छ. टॉलेमींच्या काळातल्या देवळांची ही ओळखच. गंमत अशी की एका बाजूचा शिरोभाग अक्षाच्या पलीकडच्या समोरच्या खांबाशी जुळतो. शेजाऱ्याशी नाही, समोरच्याशी. मॉडेल मधोमध कापल्यामुळे हे छान दिसणार: सरकता अर्धा भाग उघडला की दोन्हीकडे तीच रांग.

खांब चिकटवण्याआधी प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने नंबर. कारखान्यातल्या पोराने विचारलं, एवढं कोण बघणार? कोणी नाही. पण ज्याने एकदा बघितलं त्याला मग उरलेलं सगळं मॉडेल खरं वाटतं.

पुढच्या मंडपाच्या दर्शनी सहा खांबांमधल्या अर्ध्या भिंती २ मिमी ॲक्रिलिकमध्ये लेझर कट. त्याच मंडपात दाराच्या दोन अंगांना दोन चिमुकल्या खोल्या आहेत. एकीत पुजाऱ्याने शुद्ध व्हायचं. दुसरी ग्रंथांची, आणि भिंतीवर कोणकोणते ग्रंथ तिथे होते त्याची यादी. १:१०० ला ही खोली काडेपेटीपेक्षाही लहान. तरी केली.

२७ जून

लेझर कटिंगवाल्याने फाइल उलटी लावली, जिने आरशातल्यासारखे आले. परत कापून घेतले. जिन्यांना उलटसुलट चालत नाही, कारण दोन जिने दोन वेगळ्या कामांचे. पूर्वेचा चौकोनी वळणं घेत वर जातो, पश्चिमेचा सरळ उतरतो. नववर्षाला देवाची मूर्ती मिरवत वरच्या जिन्याने छतावर न्यायची, सूर्याचा किरण अंगावर घ्यायचा, आणि दुसऱ्याने खाली. जिन्यांच्या भिंतींवर हीच मिरवणूक कोरलेली: एका जिन्यात चढणारे पुजारी, दुसऱ्यात उतरणारे. वर्षभर अंधारात ठेवलेल्या देवाला उन्हात न्यायचं म्हणजे देवळातला सगळा अंधार त्या एका सकाळीसाठी साठवलेला, असं मला छेद बघताना वाटतं. छतावरचा छोटा मंडप एडफूत उरलेला नाही, डेंडेरा गावी हाथोर देवीच्या देवळावर आहे. मी तो जोडणार नाही.

दुसऱ्या मंडपाला लागून एक खोली आहे जिथे धूप आणि सुगंधी लेप बनायचे. कृती भिंतीवर लिहून ठेवलेल्या. तिला सगळे प्रयोगशाळा म्हणतात. बाईंना हे सांगितल्यावर त्या खोलीत वेगळा दिवा लावायची मागणी आली. लावू.

२ जुलै

दिव्यांची चाचणी. कल्पना अशी: मॉडेलमध्ये आतून दिवे नाहीत, सूर्य एकच, वरून. स्टँडवर एक तीव्र एलईडी, दक्षिणेकडे कलवलेला, कारण देवळाचं दार दक्षिणेला आहे. छताला झरोके खऱ्या जागी पाडले. प्रयोगशाळेचा दिवा हा एकमेव अपवाद, त्याला वेगळं बटण.

वर्कशॉपचं शटर ओढलं, फोन मॉडेलच्या अंगणात जमिनीवर ठेवून व्हिडिओ घेत आत सरकवला. पुढच्या मंडपात कॅमेऱ्याला तरी दिसत होतं. दुसऱ्यात झरोक्यांचे चार-पाच पांढरे डाग खांबांवर. नैवेद्याच्या दालनात स्क्रीन करडी झाली. गाभाऱ्यात दिसली ती फक्त कडाप्प्याच्या देव्हाऱ्याची एक कड, दारांच्या सरळ रेषेतून शेवटपर्यंत पोचलेल्या उजेडाने चमकलेली. घासण्याचं कारण कळलं.

बाईंना व्हिडिओ पाठवला. त्यांचं म्हणणं, मुलांना आतलं दिसणार नाही. बरोबर, म्हणूनच एक बाजू सरकते. बंद असताना न दिसणं हा या इमारतीचा हेतू आहे. सामान्य माणसाला अंगणाच्या पुढे प्रवेश नव्हता. गाभाऱ्यात रोज सकाळी पुजारी देव्हाऱ्याची मोहोर फोडून दार उघडायचा, मूर्तीला स्नान, वस्त्रं, नैवेद्य, मग पुन्हा मोहोर. काकडआरती ते शेजारती ज्याने पाहिलीय त्याला यात नवल वाटू नये. फरक एवढाच की इथे दर्शनाला कोणी नाही.

८ जुलै

रंगावर चर्चा, जरा ताणली. शाळेला फोटोतला वाळूचा रंग हवाय. दगड तसाच आहे हे खरं. वालुकाश्म, एडफूपासून सुमारे ४० किलोमीटर दक्षिणेला गेबेल एल-सिलसिला परिसरात नाईलकाठच्या मोठ्या खाणी आहेत, तिथून प्रवाहाबरोबर उत्तरेला वाहून आणणं सोपं. पण मूळ देऊळ रंगीत होतं. आतली छतं नंतरच्या शतकांत राहणाऱ्यांच्या चुलींनी काजळून काळी झाली आणि तोच काळा रंग आपण 'प्राचीन' म्हणून बघतो. अलीकडे वुर्झबुर्ग विद्यापीठाची माणसं आणि इजिप्शियन संवर्धक मिळून भिंती साफ करतायत, त्यात रंग आणि सोन्याच्या वर्खाचे अवशेष निघाले.

तोडगा: पश्चिमेच्या पक्क्या भागाला बाहेरून वाळूचा रंग. गाभाऱ्याभोवती, छेदात दिसणाऱ्या भिंतींना पांढऱ्या तळावर निळा, लाल, हिरवा, आणि देवाच्या आकृत्यांना सोनेरी. बाहेरून आजचं, आतून तेव्हाचं. मला हे काजळलेल्या छतापेक्षा प्रामाणिक वाटतं.

१२ जुलै

बुरूज उभे केले. बाहेरचे सगळे पृष्ठभाग आत कललेले, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्याची कड तिरपी कापावी लागते. कडांवर गोल पट्टी (मी १ मिमी तांब्याची तार वापरली), वर कार्निस, म्हणजे भिंतीच्या माथ्याची बाहेर वळणारी अंतर्गोल पट्टी. दर्शनी बाजूला चार खोल उभ्या खाचा, ध्वजांच्या लाकडी खांबांसाठी, आणि त्यांच्या वर ते खांब धरून ठेवायच्या खिडक्या. बुरूज भरीव नाहीत. आत जिने आणि खोल्या, भिंतीत चिरांसारख्या खिडक्या.

दोन्ही बुरुजांवर तेच चित्र, एकमेकाच्या आरशात: बाराव्या टॉलेमीने शत्रूंचे केस एका मुठीत धरलेत, दुसरा हात उगारलाय, होरस बघतोय. हा राजा रोमच्या मेहेरबानीवर तगलेला, स्वतःच्या प्रजेने एकदा देशाबाहेर घालवलेला. भिंतीवर मात्र तीन हजार वर्षांची जुनी पोझ. लेझरने हलकं एचिंग केलं, ०.३ मिमी. खऱ्या भिंतीवर ऊन तिरपं पडल्यावर जसं उठतं तसं, दिवा बाजूने आला की दिसतं, समोरून आला की नाही.

१६ जुलै

देऊळ आणि भोवतालची उंच तटभिंत यांच्यामधला बोळ. पश्चिमेच्या तटभिंतीच्या आतल्या अंगाला होरस आणि त्याचा वैरी देव सेथ यांचं युद्ध: सेथ पाणघोडा झालाय, होरस होडीतून भाले मारतोय. पाणघोडा इतका लहान काढलाय की पोरगा म्हणाला डुक्कर आहे. मुद्दाम तसा. कोरलेलं खरं होतं अशी समजूत असेल तर दुष्टाला मोठा कोण काढेल? दर वर्षी या विजयाचा उत्सव व्हायचा, आणि शेवटी पाणघोड्याच्या आकाराचा केक कापून संपवायचा. शाळेने उद्घाटनाला हे करावं असं मी सुचवलंय.

पूर्वेच्या बोळातून एक जिना भिंतीखालून बाहेरच्या विहिरीकडे जातो, नाईलची पातळी मोजायला. तो पायथ्याच्या प्लायमध्ये कोरून घेतला.

२१ जुलै

फलकांचा मजकूर. एक फलक मी हट्टाने वाढवला. एडफूहून पूर्वेला वाळवंटातून एक रस्ता लाल समुद्रावरच्या बेरेनिके बंदराला जायचा. टॉलेमींनी आफ्रिकेतून लढाईचे हत्ती याच बाजूने आणवले. या रस्त्यावर, एडफूपासून सुमारे ५० किलोमीटरवर, एल-कनाइस नावाची जागा आहे. तिथे खडकावर वाटसरूंनी ग्रीकमध्ये देवाचे आभार कोरलेत, आणि त्यातला एक स्वतःला 'सोफोन, भारतीय' म्हणवतो. मूळ नाव सुभानू असावं असं काहींना वाटतं. एडफूचं देऊळ बांधलं जात होतं त्याच काळातला हा माणूस असावा. हा वाळवंट ओलांडून नाईलकाठी पोचला असेल तर त्याने अर्धवट देऊळ पाहिलंच असेल. हे वाक्य मी फलकावर घातलं नाही, फक्त इथे.

बेरेनिकेला नंतर, रोमन काळात, मालाचा ओघ नाईलकाठच्या कोप्टोस गावाच्या रस्त्याने वळला. पण बंदर चालू राहिलं. तिथल्या देवळाच्या उत्खननात बुद्धमूर्ती मिळाली आणि सातवाहनांची दोन नाणीही, हे २०२३ मध्ये जाहीर झालं. सातवाहन म्हणजे आपलं पैठण, जुन्नर, नाणेघाट. शाळेतून दरवर्षी नाणेघाटाला सहल जाते. नकाशावर त्या दोन ठिपक्यांमध्ये रेघ मारली.

२५ जुलै

वाळूची रेषा. १८३८ मध्ये डेव्हिड रॉबर्ट्स या चित्रकाराने काढलेल्या चित्रांत अंगण मातीने इतकं भरलंय की माणसं शिरोभागांजवळ बसलीत. छतावर गावाची घरं होती. १८६० पासून ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने घरं हटवली आणि गाळ उपसला. छत शाबूत राहिलं ते बऱ्याच अंशी या गाळामुळेच. शाळेला अर्धं मॉडेल वाळूत पुरलेलं दाखवायचं होतं. त्याऐवजी मागच्या ॲक्रिलिक पाटीवर शिरोभागांच्या उंचीवर एक खडबडीत आडवी रेघ, १८३८ लिहून. खाली बसलेल्या मुलाच्या डोळ्यांना ती बरोबर छताखाली दिसते.

३० जुलै

पोचवलं. टेम्पोत ताडपत्री, खाली गाद्या, दोन भाग वेगळे. दालनात दक्षिण कुठे ते होकायंत्राने बघितलं आणि दार तिकडे केलं. बाईंना ते भिंतीशी समांतर हवं होतं, त्यामुळे टेबल आता जरा तिरकं आहे. त्यांनी शेवटपर्यंत फलकावर क्लिओपात्राचं नाव असावं असा आग्रह धरला, मुलं थांबतील म्हणून. दार बसलं तिच्या वडिलांच्या नावाने, तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. एवढंच लिहून दिलं.

राहिलेलं: प्रयोगशाळेच्या दिव्याचा ॲडॉप्टर गरम होतोय, बदलायचा. सरकत्या भागाला स्टॉपर. केकची ऑर्डर बाई देणार आहेत, पाणघोड्याचं चित्र मी पाठवायचं.